आण्णांची जुनी एस्टीम परत घ्यायची आहे – हीच घेऊ की चांगली दुसरी बघू?

कोरेगाव_फाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

१९९९ च्या शेवटी आमच्या आण्णांनी मारुती एस्टीम व्हीएक्सआय घेतली. सिल्व्हर, एमएच ११ पासिंग. आण्णा तेव्हा साखर कारखान्यात केमिस्ट होते, कॉलनीत एक-दोन मारुती आठशे आणि बाकी सगळ्या स्कूटरी, त्यामुळे डिकीवाली लांब गाडी आली तेव्हा अख्खी कॉलनी बघायला. त्याच वर्षी एस्टीमला एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवालं) इंजिन आलं होतं, ८५ बीएचपी, आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत, म्हणजे पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट एसी चालू ठेवून चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन आरामात चढायची. आई या गाडीवर गाडी चालवायला शिकली, कारखान्याच्या रिकाम्या वजनकाट्याच्या मैदानात. ताईची पाठवणी हिच्यातूनच झाली. २०१० ला आण्णा रिटायर होऊन पुण्याला आमच्याकडे आले, सोसायटीत एकच पार्किंग, म्हणून कोरेगाव तालुक्यातल्या ओळखीच्या एका आल्याच्या बागायतदार काकांना दिली.

आता मुद्दा असा की ते काका गेल्या वर्षी वारले. महिन्याभरापूर्वी त्यांच्या मुलाचा मला फोन आला की गाडी काढायची आहे, वडिलांनी सांगून ठेवलंय की आधी तुम्हाला विचारायचं, तुम्ही नाही म्हणालात तरच भंगारात. मी जाऊन बघून आलो. पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, काका आजारी पडले तेव्हापासून चालू केलेली नाही. बॅटरी मेलेली, टायर बसलेले, मागच्या दोन्ही व्हील आर्चला गंज आहे आणि ड्रायव्हर साइडच्या रनिंग बोर्डाला बोट जाईल एवढं भोक. आतून मात्र जशीच्या तशी, डॅशबोर्डवर गणपतीसमोर आईने दसऱ्याला लावलेल्या उदबत्तीचा डाग आहे तो सुद्धा तसाच. आरसी काकांच्या नावावर, त्यांनी दोनदा रिन्यू केलेली, ती डिसेंबर २०२४ ला संपली.

दुसरीकडे चिंचवडला एक २००५ ची एस्टीम मिळतेय, सिंगल ओनर, चालू स्थितीत, सव्वा लाख सांगतायत, थोडे कमी होतील. बायको म्हणते घ्यायची तर ती घे, गाडी तीच आहे ना.

माझं मन कोरेगावच्या गाडीत आहे हे उघड आहे. पण खर्च किती, कागद कसे, आणि रोज नाही तरी महिन्यातून एक-दोनदा साताऱ्याला जाता येईल का हे जाणकारांनी सांगा. आण्णांना अजून काही बोललो नाही.

पाना_नंबर_बारा

भाऊ, गॅरेजवाला आहे म्हणून आधी इंजिनाचं सांगतो. इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. हे जी१३बीबी इंजिन जिप्सी किंग एमपीएफआयला होतं, व्हर्साला होतं आणि पहिल्या १.३ पेट्रोल स्विफ्टला पण हेच होतं. जिप्सी २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल पंप यातलं काही अडणार नाही. बाहेरचं जोडकाम, सेन्सर, ब्रॅकेट वगैरे जुळवून बघावं लागतं, सगळं डोळे झाकून बसेल असं नाही.

पण मेहेरबानी करून जंप लावून सेल्फ मारू नका!! उभी असलेली गाडी अशीच मारतात. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, एक रात्र राहू द्या, मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. सुळसुळीत फिरलं तर पुढे जायचं, अडकलं तर तिथेच थांबायचं. टायमिंग बेल्ट किती किलोमीटरचा आहे ते विचारू नका, रबर वयाने मरतं, सरळ नवीन टाका, वॉटर पंप आणि टेन्शनर सोबतच. पेट्रोल टाकी खाली उतरवून धुवायची, पंप टाकीतच असतो, जुनं पेट्रोल सडून त्याची जाळी चिकट होते. आणि एक विचारा, रेडिएटरला कूलंट टाकायचे का विहिरीचं पाणी. ॲल्युमिनियमचं इंजिन आहे, शेतावर सर्रास विहिरीचं पाणी ओततात आणि आतून हेड खाल्लं जातं. रेडिएटरचं झाकण उघडून बघा, तांबडं गढूळ असेल तर हेड उतरवायची तयारी ठेवा.

खरी भीती पत्र्याची. पुढचं उद्या लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

चहा_बिस्किट

चिंचवडची घ्या. सरळ सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या मामांनी अशीच जुनी गाडी हौसेने परत घेतली, दोन वर्षं गॅरेजमध्येच होती, शेवटी अर्धवट अवस्थेत दिली कोणालातरी. २००५ ची घेतली तर दुसऱ्या दिवशी आण्णांना बसवून घाटात नेता येईल. इंजिनाचा आवाज तोच, सीट तीच, स्टिअरिंग तेच.

मागची_सीट

चहा_बिस्किट, तुमचं पटतं आणि नाही पण पटत. आमची एस्टीम गेली तेव्हा मी सातवीत होते, नंतर कॉलेजला असताना मैत्रिणीकडे तशीच होती, त्यात बसले तर काहीच वाटलं नाही हो. छान गाडी, एवढंच. आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच खाली करताना अर्ध्यावर अडकायची आणि मग हाताने दाबावी लागायची, ते त्या दुसऱ्या गाडीत कुठून येणार. ज्यांना मॉडेल आवडतं त्यांनी मॉडेल घ्यावं. धागाकर्त्याला उदबत्तीचा डाग हवाय.

कोरेगाव_फाटा, तुमच्या आईंना विचारलंत का? सगळं आण्णांचं चाललंय पण चालवायला आई शिकल्या त्या गाडीवर.

कागदोपत्री

दादा, गाडीपेक्षा कागद आधी. क्रम चुकला की हेलपाटे वाढतात.

गाडी ज्यांच्या नावावर आहे ते हयात नाहीत, म्हणजे त्यांचा मुलगा तुम्हाला २९ आणि ३० नंबरचे (विक्रीनंतर गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) फॉर्म सही करून देऊच शकत नाही, त्याचं नाव आरसीवर नाही. आधी वारसाच्या नावावर करायची, त्याला फॉर्म ३१, सोबत मृत्यू दाखला, बाकी वारसांचं संमतीपत्र, विमा, पीयूसी. काकू हयात असतील तर बहुतेक वेळा त्यांच्या नावावर करणं सोपं पडतं. मग त्यांच्याकडून तुमच्या नावावर २९ दोन प्रती आणि ३०. कोणी म्हणालं की काकांची जुनी सही केलेले फॉर्म घरात आहेत ते वापरू, तर अजिबात नाही. माणूस गेल्यानंतरच्या तारखेला त्याच्या सहीने व्यवहार म्हणजे सरळ गुन्हा आहे.

आरसीची मुदत संपलीय, म्हणजे फॉर्म २५ भरून नूतनीकरण, त्यासाठी गाडी तपासणीला आरटीओत न्यावी लागते. पंधरा वर्षांवरच्या कारला ही फी २०२२ पासून ५००० झाली होती, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या कारला १०००० केली. तुमची वीसच्या वर आहे, म्हणजे १०००० धरा. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, आणि मुदत उलटून गेल्याचा दंड जो महिन्यागणिक चढतो, म्हणून उशीर करू नका. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पण लावून घ्यावी लागेल. वारस नोंद आणि नूतनीकरण एकत्र घेतात की एकापाठोपाठ, ते सातारा कार्यालयातच विचारा, खिडकीवर जे सांगतील तसंच करा.

आणि एक, एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बोजा आहे का बघा. शेतकऱ्यांच्या गाड्यांवर बरेचदा पतसंस्थेचं कर्ज चढवलेलं असतं आणि फिटलं तरी आरसीवरून काढलेलं नसतं. असेल तर पतसंस्थेचं ना हरकत आणि फॉर्म ३५ लागेल, पतसंस्था बंद पडली असेल तर मग डोकेदुखी.

चांगली बातमी ही की महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलत नाही. एमएच ११ तसाच राहणार.

कोरेगाव_फाटा

कागदोपत्री, हात जोडून धन्यवाद, हे सगळं कोणीच सांगितलं नव्हतं. बोजा नाही, आत्ताच बघितलं. फॉर्मचं त्यांच्या मुलाने खरंच सुचवलं होतं, त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं, त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवतो.

नंबर राहणार हे वाचून फार बरं वाटलं.

गुडगावकर

तुम्ही महाराष्ट्रात आहात हे भाग्य समजा. मी वीस वर्षं इकडे नोकरीला. दिल्ली एनसीआरमध्ये डिझेल दहा वर्षं, पेट्रोल पंधरा वर्षं, हरित लवादाचा २०१५ चा आदेश, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. बाबांनी मला दिलेली होंडा सिटी, पहिल्या पिढीची, इंजिन असं की बंद आहे की चालू कळायचं नाही, तिला पंधरा झाली आणि ना हरकत काढून बाहेरच्या राज्यात द्यावी लागली. गाडी उत्तम होती, धूर नाही, काही नाही. नंतर नियमांत बरंच वर-खाली झालं पण आमची तर गेलीच. मला कोणी फोन करून विचारलं असतं की परत घेता का, तर पत्र्याला भोकं आहेत का हे मी विचारलं पण नसतं.

पाना_नंबर_बारा

हां, पत्रा.

भाऊ, गुडगावकरांच्या भावना बरोबर आहेत पण तुम्ही भोकं विचाराच. पुन्हा जाल तेव्हा एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून घेऊन जा. रनिंग बोर्ड, व्हील आर्च, दारांची खालची कड, सगळीकडे फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. ते सगळं करता येतं, पत्रा कापून नवीन वेल्ड होतो. डिकीतली स्टेपनी काढून खालची खोबण बघा, पाणी साचून तिथे हमखास सडतं, ते पण होतं.

जिथे थांबायचं ती जागा वेगळी आहे. बॉनेट उघडा, दोन्ही बाजूला शॉकअप्सर वर येऊन जिथे बसतात ते ॲप्रन, तिथे नट भोवती पत्रा फुगलाय का, पापुद्रे निघतायत का. आणि गाडी रॅम्पवर चढवून लोअर आर्म जिथे बॉडीला बोल्ट होतो तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. या दोन जागा सडल्या असतील तर मी गिऱ्हाइकाला हात जोडतो. चाक तिथे धरलेलं असतं, वेल्डिंगवर भरवसा ठेवून मी कोणाला हायवेला पाठवत नाही. या दोन जागा शाबूत असतील तर बाकी फक्त पैसा आणि सबुरी.

खर्च विचारलात. शेडमधून बाहेर काढून ब्रेक (व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज सगळं नवीन, यात काटकसर नाही), बेल्ट किट, टाकी, पेट्रोलचे रबरी पाइप, बुश किट, इंजिन फाउंडेशन, तेरा इंची चार टायर, बॅटरी, एवढ्यात मजुरीसकट साठ-सत्तर हजार धरा. डेंटिंग पेंटिंग पूर्ण केलं तर तेवढेच आणखी वर, चांगला माणूस असेल तर जास्तच. पेट्रोलचे पाइप नवीन टाकताना ई-२० ला (वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) चालणारेच घ्या, जुन्या काळातलं रबर या पेट्रोलला टिकत नाही, मऊ पडून गळायला लागतं आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको.

चहा_बिस्किट

म्हणजे सव्वा लाखाच्या वर, आणि वरून गाडीची किंमत आणि आरटीओ. चिंचवडवाली त्यातच येते.

पाना_नंबर_बारा

येते. पण चिंचवडवालीला पण बेल्ट, पाइप, बुश, टायर लागणारच आहेत हो, वीस वर्षांची गाडी आहे ती पण. सव्वा लाखात घेऊन लगेच कोणी हायवेला नेत नाही. फरक पत्र्याचा आणि वेळेचा.

एडिसनकर

अमेरिकेतून एक छोटी पण महत्त्वाची सूचना. पार्ट मिळत नाही म्हणून इथल्या साइटवर सुझुकी एस्टीम असं शोधू नका. इथे एस्टीम नावाने जी गाडी विकली गेली ती आपल्याकडची जुनी बलेनो, १९९९ ला आलेली ती. आपली एस्टीम म्हणजे त्याच्या आधीची कल्टस, इथे ती सुझुकी स्विफ्ट सेडान म्हणून होती. मी दादासाठी हेडलॅम्प पाठवायला निघालो होतो, शेवटच्या क्षणी फोटो जुळवून बघितले म्हणून वाचलो. काचा, लॅम्प, बंपर यासाठी भारतातच शोधा, पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड.

मागची_सीट

सगळं झालं पण किमतीचं काय? अशा व्यवहारात भाव कसा करायचा? मला तर तोंडच उघडणार नाही.

कागदोपत्री

ताई, इथे भाव करायचाच नाही. भंगारवाला पंचवीस-तीस हजार देईल, तो आकडा त्या कुटुंबाला माहीतच आहे. त्याच्या वर मानाने जे वाटतं ते एका आकड्यात सांगायचं, आणि आरसी, वारस नोंद, दंड हा सगळा खर्च आपण करायचा असं आधीच कबूल करायचं, कारण त्यांच्यासाठी तो खर्च फुकटचा आहे. त्या काकांनी गाडी दोनदा रिन्यू केली, भंगारात घातली नाही, याची किंमत आहे. फक्त पैसे खात्यावर द्या आणि साध्या कागदावर का होईना पावती घ्या.

आणि माझं मत विचाराल तर आण्णांना सरप्राइज देऊ नका. आधी सांगा. म्हातारपणी माणसांना आपल्या वस्तूची वाईट अवस्था अचानक बघवत नाही.

कोरेगाव_फाटा

अपडेट देतो, उशीर झाला, कामं चालू होती.

आण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं नको त्या भानगडी म्हणतील. पहिला प्रश्न आला, "पत्रा कसा आहे?" मग फोटो मोठे करून करून बघितले, आणि कपाटातून पेट्रोलची वही काढली. मला वाटलं होतं ती पुण्याला येताना रद्दीत गेली. १९९९ पासून २०१० पर्यंत प्रत्येक वेळी किती लिटर, मीटर किती, ॲव्हरेज किती, कुठल्या पंपावर, बाजूला शेरे. "पंढरपूर, एसी बंद, १६.८". एका पानावर "सौ. ने प्रथमच साताऱ्यापर्यंत चालवली". आईला ते पान दाखवलं, तिला माहीतच नव्हतं की यांनी लिहून ठेवलंय. पहिल्या पानावर इंजिन नंबर आणि चासी नंबर आण्णांच्या अक्षरात, आणि तोच उपयोगी पडला, कारण गाडीवरच्या नंबरवर गंज चढून दोन आकडे वाचता येत नव्हते आणि आरटीओसाठी पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा) घ्यायच्या आधी कुठे घासायचं ते कळत नव्हतं. वहीतला, आरसीवरचा आणि घासून साफ केल्यावर गाडीवरचा, तिन्ही जुळले.

मग आण्णा, आई, मी आणि एक ओळखीचा मेकॅनिक असे गेलो. पाना_नंबर_बारा यांनी सांगितलेल्या दोन्ही जागा तपासल्या. ॲप्रन दोन्हीकडे धड आहेत, वरवरचा गंज, घासल्यावर खाली पांढरा पत्रा निघाला. लोअर आर्मचे पॉइंट पण टणक. रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट होतं, विहिरीचं पाणी नाही, त्यांचा मुलगा म्हणाला वडील या गाडीला शेतातलं काहीच लावू द्यायचे नाहीत, आल्याचं पोतं सुद्धा कधी डिकीत टाकलं नाही. डिकीतली स्टेपनीची खोबण मात्र सडलीय, ती बदलावी लागणार. इंजिन हाताने फिरलं. त्या दिवशी चालू केलं नाही.

किमतीचं, आण्णांनीच काकूंशी बोलणं केलं, मी मध्ये पडलो नाही. त्यांनी पन्नास म्हटलं, काकू म्हणाल्या चाळीस द्या आणि नीट झाली की एकदा आम्हाला ज्योतिबाला घेऊन जा, हे दर वर्षी याच गाडीने जायचे. आण्णांनी पन्नासच दिले आणि ज्योतिबाचं पण कबूल केलं. सगळा कागदाचा खर्च आमचा. काकूंच्या नावावर करायचा फॉर्म ३१ भरून झाला, मुलाचं आणि मुलीचं संमतीपत्र झालं. नूतनीकरणाला गाडी चालती लागणार, त्यामुळे ट्रेलरवर घालून साताऱ्यातल्या गॅरेजला टाकलीय, ब्रेक आणि टाकीचं काम आधी. रंग सगळ्यात शेवटी, आणि मूळ सिल्व्हरच.

चहा_बिस्किट, चिंचवडची गाडी अजून आहे, कोणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खरंच चांगली ठेवलीय, मालक घाई करत नाहीत.

चहा_बिस्किट

मलाच द्या नंबर. खरंच विचारतोय. आमच्याकडे पण होती, २००१ ची, मरून कलरची.

पाना_नंबर_बारा

झकास! ॲप्रन शाबूत म्हणजे निम्मं जिंकलात. स्टेपनीची खोबण करताना बाजूचा चासी मेंबर पण टोचून बघायला सांगा. आणि गॅरेजला बजावून ठेवा, पहिल्यांदा चालू करायच्या आधी कॉइल सोडवून, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारायचा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मगच जोडायचं.

कोरेगाव_फाटा

सांगतो. आता एक मदत हवीय, मागच्या उजव्या बाजूचा टेल लॅम्प फुटलाय. नाना पेठेत दोन दुकानांत विचारलं, तिथे नंतरच्या मॉडेलचे आहेत, ते बसत नाहीत. १९९९-२००० च्या मॉडेलचा कोणाच्या माहितीत असेल तर, जुना चालेल, लेन्स अखंड हवी. कुर्ल्याला शनिवारी जाणार आहे, कोणी मुंबईकर सोबत येणार असेल तर अजूनच बरं.